सुवार्ता सोनकांबळे, ख्रिस्ती

सुवार्ता सोनकांबळेला खोटं बोलता येत नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. जिला तिच्याबरोबर एका खोलीत अकरावी-बारावी काढायची होती, तिच्यासाठी हा गुण म्हणजे निव्वळ डोक्याला ताप होता.

एकदा माझे अब्बू न कळवता औशाहून लातूरला आले. मी मैत्रिणींबरोबर दुपारच्या सिनेमाला गेले होते. जाताना सुवार्ताला बजावून गेले होते, कुणी विचारलंच तर लायब्ररीत गेली म्हणून सांग. अब्बूंनी दारातूनच विचारलं, "बेटी, रेहाना किधर हाय?" तर ही म्हणाली, "सिनेमाला गेली चाचा. मला लायब्ररी सांग म्हणली होती. या, बसा, पाणी देते."

अब्बू बसले, पाणी प्यायले आणि मी आल्यावर जे बोलले ते मला अजून पाठ आहे. ते गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. तिनं सगळं निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोटं बोललं की लई ध्यानात ठेवावं लागतं गं. काल काय सांगितलं, आज काय सांगायचं. आधीच बायोलॉजीनं डोकं भरलंय, हे कुठं ठेवू?"

ती उदगीरच्या पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका खेड्यातली. वडील याकोब मास्तर मिशनच्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. ती शाळा बंद पडल्यावर ते घरीच शिकवण्या घेत आणि रविवारी गावच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात उपासना चालवत. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि ती सगळी मांगवाड्यातच. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, देव बदलला, पण घर जिथं होतं तिथंच राहिलं. सुवार्ता उंच होती, काटकुळी, चालताना जरा पुढं वाकलेली. कानात काही नाही, कपाळ मोकळं. तिच्या मोकळ्या कपाळाकडं बायका आधी बघायच्या, मग तिच्याकडं.

त्या वर्षांत लातूरला घातलं की पोरगं डॉक्टर होतं, असं सगळ्या मराठवाड्याला वाटायला लागलं होतं. नांदेड, लोहा, निलंगा, कुठून कुठून आईबाप पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन एसटीतून उतरायचे. ज्याच्याकडं जास्तीची खोली होती तो ती भाड्यानं द्यायचा, ज्याच्याकडं नव्हती तो गच्चीवर पत्रे टाकायचा. आमच्या घरमालकिणीला सगळ्या मुली काकू म्हणत. काकूंच्या खालच्या खोल्यांत मुली भरल्या होत्या, पण माझ्याबरोबर राहायला कुणी तयार नव्हतं, कारण मी मुसलमानाची. आणि सुवार्ताबरोबर राहायला कुणी तयार नव्हतं, कारण ती नेमकी कोण हेच कुणाला कळत नव्हतं. म्हणून आम्हा दोघींना वरची पत्र्याची खोली मिळाली. मुली खालच्या माठातलं पाणी प्यायच्या. काकूंनी आमच्यासाठी जिन्यात वेगळा माठ ठेवला.

मी असल्या गोष्टी बघून न बघितल्यासारखं करायला घरातूनच शिकून आले होते. सुवार्तानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, आमचा माठ येगळा का?"

काकू गडबडल्या. म्हणाल्या, "तसं काही नाही बाई. वर-खाली करायला तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मग बरं झालं," सुवार्ता म्हणाली, "दोघीच पिणार. पाणी गार राहील."

काकूंना तो टोमणा वाटला. मला विचाराल तर तो टोमणा नव्हताच. पाणी गार राहील हे तिला खरोखर बरं वाटलं होतं.

तिची भक्ती डोळ्यांवर येणारी नव्हती, तरी लपवलेलीही नव्हती. मेसमध्ये ताट पुढं आलं की ती डोळे मिटायची. तेवढ्यात पोरी तिच्या वाटीतली भाजी काढून घ्यायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. ती डोळे उघडून वाटीकडं बघायची आणि म्हणायची, "गेली का? जाऊ द्या. तसं बी त्या भाजीत काय नसतं." सकाळची अजान झाली की मला ढोसायची. "ऊठ, तुझी नमाजची वेळ झाली." मी कूस बदलायचे, तर म्हणायची, "मी माझ्यासाठी उठवत न्हाई तुला. त्यो बोलवायलाय अन् तू लोळायलीस." मी चिडून एकदा म्हणाले, "तुझा देव वेगळा, माझा वेगळा, तू कशाला मध्ये पडतेस?" त्यावर तिनं माझी चादर ओढून घडी घातली. मग म्हणाली, "ते मला बी नीट कळलेलं न्हाई. पर उठायला काय हरकत हाय?"

आम्ही फिजिक्ससाठी देशमानेसरांकडं जायचो. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये बाकं, वर फिरणारे पंखे, आणि पुढं माइक लावून सर. माइकवरून फिजिक्स शिकवणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. बारावी सुरू झाली तशी सरांनी रविवारी सकाळी टेस्ट ठेवली. सुवार्ता पहिल्या रविवारी आली नाही, दुसऱ्या रविवारीही आली नाही. सोमवारी सरांनी तिला उभं केलं.

"सोनकांबळे, काल कुठं होता?"

"चर्चला, सर."

शेडभर खसखस पिकली. सर हसले. "रविवारी देव की फिजिक्स, ते एकदाचं ठरवा."

"फिजिक्सला सहा दिवस दिलेत सर," ती म्हणाली. "टेस्ट मला सोमवारी द्या. क्लास सुटल्यावर एकटी बसते."

यात उद्धटपणा नव्हता. पण ज्याच्यासमोर इतकी पोरं मान खाली घालून बसतात, त्याला साधं उत्तरही उद्धट वाटतं. सरांनी तिला शेवटच्या बाकावर पाठवलं आणि 'दुसरी बॅच' म्हणून जी होती, जिच्या शंका आणि पेपर सर स्वतः बघत नसत, तिच्यात घातलं. त्याच शेडमध्ये पुढच्या बाकावर आशिष नावाचा मुलगा बसायचा. तो लातूरच्या पाळकसाहेबांचा, म्हणजे सुवार्ता ज्या चर्चला जायची तिथल्या धर्मगुरूंचा मुलगा. वडील रविवारी वेदीवरून उपदेश करत तेव्हा मुलगा टेस्ट देत असे. तो ख्रिस्ती आहे हे वर्गात निम्म्यांना माहीतही नव्हतं.

एकदा मी तिच्याबरोबर चर्चला गेले, उत्सुकता म्हणून. पुढं खुर्च्या होत्या. तिथं जुन्या मिशन दवाखान्यातल्या कुटुंबांची माणसं बसलेली, इस्त्रीच्या कपड्यांत. मागं सतरंजी होती. तिथं खेड्यांतून आलेली माणसं. सुवार्ता सतरंजीवर बसली. मी हळूच विचारलं, "पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत की." ती म्हणाली, "त्या रिकाम्या न्हाईत. त्यांची माणसं आली न्हाईत अजून." मला तेव्हा वाटलं, माठ इथंही दोन आहेत.

मग भूकंप झाला. गणपती विसर्जनाची दमलेली माणसं गाढ झोपेत असताना जमीन हलली. लातूर शहरात आम्ही वाचलो. पत्रे खडखडले, भिंतीला भेग गेली, आणि उजाडायच्या आत सगळी गल्ली समोरच्या मोकळ्या मैदानात येऊन बसली. पुढं कितीतरी दिवस धक्के येत राहिले, पाऊस लागला, आणि गल्लीनं ताडपत्रीखाली एकत्र दिवस काढले. एकच पिंप होतं, त्यातूनच सगळे पाणी प्यायचे. काकूही प्यायच्या. नंतर धक्के कमी झाले, माणसं घरात गेली, आणि जिन्यातला माठ पुन्हा जिन्यात आला.

औशाच्या आमच्या मोहल्ल्यातून अब्बू आणि चार जण टेम्पोतून भाकरी-चपात्या घेऊन पडलेल्या गावांकडं जात होते. कॉलेज बंद होतं. सुवार्ता म्हणाली, मी येते. मग मीही गेले. औशापलीकडच्या त्या गावाचं नाव सांगत नाही. गाव म्हणून काही उरलंच नव्हतं. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, अशी ती घरं. ती माणसांवर बसली होती. जवान दगड उचलत होते आणि सरणाची ओली लाकडं पेटत नव्हती. त्या वासाबद्दल मी कधी कुणाला काही सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही. मी टेम्पोपासून लांब जायला धजत नव्हते. सुवार्तानं ओढणी कमरेला खोचली आणि बायांच्या अंगावर कपडा घालणं, जखमा पुसणं, सापडेल त्याला हात देणं, असं करत ती ढिगाऱ्यांतून हिंडत राहिली.

दुपारी जवानांनी एका म्हातारीला जिवंत बाहेर काढलं. निंबाखाली आणून ठेवलं. तिच्या भुवयांवर, ओठांवर मातीचा थर होता. पायाचं मांस उघडं पडलेलं. सुवार्तानं तिचा पाय धुतला, पट्टी बांधली. म्हातारी कण्हत होती आणि मध्येच तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मग सुवार्तानं तांब्या तिच्या तोंडाला लावला. म्हातारीनं तांब्या हातानं अडवला.

"कुणाची गं माय तू?"

"सोनकांबळेची हाय आजी. उदगीरकडची."

"सोनकांबळे म्हंजी?"

उदगीरकडची, एवढंच परत म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "ख्रिस्ती हाव आमी. मागं मांगाचे."

म्हातारीनं ओठ मिटले. मग माझ्याकडं बोट केलं. "ही?"

"ही औशाची. मुसलमानाची."

"मग हिला पाजू दे."

तांब्या तोच, पाणी तेच. सुवार्तानं तो माझ्या हातात दिला. मी पाजलं. म्हातारी घटाघटा प्यायली. पायाच्या जखमेला सुवार्ताचा हात चालला होता, तो वर तोंडापर्यंत येऊ शकला नाही. म्हातारीचं सगळं घर त्या ढिगाऱ्यात होतं, आणि तरीही.

आम्ही टेम्पोतून परतलो. औसा आलं तेव्हा म्हणाली, "भिंती तेवढ्या पडल्या गं. बाकी समदं उभं हाय."

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. मी गेले नाही. म्हातारीची पट्टी बदलायची राहिली होती, असं ती म्हणाली.

त्याच गावात काही दिवसांनी एक जीप आली. त्या दिवसाचं मी अब्बूंकडून ऐकलं. लांबून आलेली ख्रिस्ती माणसं होती, हिंदीतून बोलणारी. त्यांच्याकडं भरपूर ब्लँकेटं होती आणि कॅमेरा होता. पाळकसाहेब त्यांच्याबरोबर होते, त्यांनी सुवार्ताला ओळखलं आणि पुढं केलं. जीपमधल्या माणसाचं म्हणणं असं की आधी लोकांना एकत्र बसवावं, सुवार्तानं चार शब्द सांगावेत, प्रार्थना व्हावी, फोटो व्हावा आणि मग ब्लँकेटं द्यावीत. पाऊस पडत होता. लोक अर्धवट भिजून उभे होते. सुवार्ता म्हणाली, "ब्लँकेटं आधी द्या. ही माणसं गारठलीत. प्रार्थना मी माझी करीन, रोज करते." त्या माणसानं पाळकसाहेबांकडं बघितलं. तेवढ्यात हिनं जीपचं मागचं फळकं पाडलं आणि ब्लँकेटं द्यायला लागली.

याचे परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी भर उपासनेत सांगितलं की काही तरुणांना पाहुण्यांशी वागायची रीत नाही, आणि त्यांच्या उतावीळपणामुळं मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, मिळणारी मदत हुकते. नाव घेतलं नाही. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं मात्र मागं वळून सतरंजीकडं बघत होती म्हणे. आणि कॉलेजात, तिला ब्लँकेटं वाटताना बघितलेल्या कुणीतरी पसरवलं की सोनकांबळे ब्लँकेट देऊन माणसं बाटवते. क्लासच्या फाटकाशी पोरं उभी राहायला लागली. एका सकाळी फळ्यावर तिच्या नावापुढं जे लिहिलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. देशमानेसरांनी ते पुसलं आणि माइकवरून म्हणाले, "इथं फिजिक्स शिकवतो आपण, धर्म नाही. ज्यांना दुसरे उद्योग करायचेत त्यांनी बाहेर करावेत."

सुवार्ता शेवटच्या बाकावरून उठली. "सर, ब्लँकेटं मी वाटली. प्रार्थना कुणाकडनं म्हणून घेतली न्हाई. घेतली असती तर ते बी सांगितलं असतं."

तिचं शेवटचं वाक्य तिच्याच अंगावर आलं. पोरांनी फक्त तेवढंच धरलं. "बघा, कबूल करते," असं कुणीतरी ओरडलं. पुढच्या बाकावर आशिष वहीत डोकं घालून बसला होता. तो जागचा हलला नाही, आणि त्याला तसं करायची गरजही नव्हती. त्याचं नाव कुणी घेतलंच नव्हतं.

त्या दिवशी खोलीवर आल्यावर ती रडली. मला वाटलं, फळ्यावरच्या शिवीमुळं. तर म्हणाली, "मला राग यायलाय रेहाना. लई राग. त्या म्हातारीचा, सरांचा, पाळकसाहेबांचा. प्रार्थनेला बसले की फक्त रागच येतो. मग ती प्रार्थना तरी कशी म्हणायची?" मी चहा केला.

बारावीचा निकाल लागला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तिन्हींच्या मार्कांना तेव्हा 'ग्रुप' म्हणायचे आणि मेडिकलची जागा ग्रुपवरच ठरायची. दुसऱ्या बॅचमध्ये बसून, स्वतःच्या हिमतीवर, सुवार्तानं ग्रुप चांगला काढला होता. खुल्या जागेसाठी थोडा कमी. अनुसूचित जातीच्या जागेसाठी हवा त्याहून पुष्कळ जास्त. पण तिच्या शाळेच्या दाखल्यावर जातधर्माच्या जागी 'ख्रिस्ती' असं लिहिलेलं होतं, आणि कायदा असा की मांग ख्रिस्ती झाला की त्याची ती सवलत गेली. खालच्या खोलीतल्या एका बौद्ध मुलीला सवलत लागू झाली होती. तिच्याही घरानं धर्म बदललेलाच होता. सुवार्ता म्हणाली, "तिला मिळालं ते लई चांगलं झालं. मला का न्हाई तेवढं कुणी सांगावं." कुणी सांगितलं नाही. कचेरीतला कारकून म्हणाला, "ख्रिश्चनात जात नसते, बाई."

मला निंबाखालची म्हातारी आठवली. मातीनं डोळे भरलेल्या त्या बाईला सुवार्ताची जात दिसली होती. सरकारला दिसत नव्हती.

मग एका दुपारी याकोब मास्तर आणि पाळकसाहेब असे दोघं काकूंच्या ओसरीवर आले. मास्तरांना मी पहिल्यांदाच बघत होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, लेकीसारखेच पुढं वाकलेले. पाळकसाहेबांनी पिशवीतून टाइप केलेलं शपथपत्र काढलं. सोनकांबळे कुटुंब हिंदू मांग असून दाखल्यावर चुकून ख्रिस्ती लिहिलं गेलं, असा मजकूर. सगळं तयार होतं. सुवार्तानं फक्त सही करायची होती. मी जिन्याखाली आमच्या स्टोव्हवर चहा टाकला होता आणि तिथून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

पाळकसाहेब प्रेमानं बोलत होते. "बाळ, हे सगळेच करतात. आशिषचंही तसंच आहे. अंतःकरणात येशू आहे ना, मग झालं. देव काही कागद वाचत नाही."

"देव वाचत न्हाई," सुवार्ता म्हणाली, "पर सही तर मी करणार ना पाळकसाहेब."

"तू डॉक्टर झालीस तर किती लोकांची सेवा करशील, याचा विचार कर. एका शब्दासाठी एवढी सेवा घालवणार का?"

ते म्हणणं तिला लागलं होतं. खरं सांगायचं तर मलाही ते बरोबर वाटत होतं, आणि अजूनही कधीकधी वाटतं. ज्यांनी तिला पाणी देऊ दिलं नाही त्यांच्या जगात एक सही केली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

मग मास्तर बोलले. आवाज अगदी खाली गेलेला. "चूक माझी हाय पोरी. शाळेत घातलं तवा हेडमास्तर म्हणत होता, हिंदू मांग लिहितो, पुढं कामाला येईल. मीच भांडलो. म्हणलं, माझी लेक ख्रिस्ती हाय, ख्रिस्तीच लिव्हा. ती चूक आज दुरुस्त कर. पाप लागलं तर मला लागू दे."

सुवार्तानं बापाकडं बघितलं. "बाबा," ती म्हणाली, "तुमी तवा भांडला नसता तर मी आज सही केली असती."

चहा तसाच राहिला. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि परत घातली. पाळकसाहेबांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. काकू दाराआडून सगळं ऐकत होत्या. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "हट्टी आहे पोरगी. बापाचा तळतळाट घेतला." तळतळाट वगैरे काही नव्हतं. मास्तर लेकीला कधीच काही बोलले नाहीत. गावी गेल्यावर त्यांनी प्रार्थनाघराची किल्ली दुसऱ्याच्या हवाली केली आणि पुन्हा कधी उपासना चालवली नाही. हे मला तिनंच नंतर सांगितलं. म्हणाली, "मी देवासाठी केलं म्हणायचं, अन् माझ्या बापाच्या तोंडून देवाचं नाव गेलं. हा हिशेब मला लागत न्हाई."

आशिषला मेडिकलला जागा मिळाली. त्याचा ग्रुप तिच्यापेक्षा कमी होता. देशमानेसरांनी क्लासबाहेर जो मोठा फलक लावला त्यावर त्याचा फोटो होता. मी औशाला परतले, पुढं बीएस्सी, बीएड करून शाळेत विज्ञान शिकवायला लागले. लग्न झालं, मुलं झाली. सुवार्ता नांदेडला गेली आणि रक्त-लघवी तपासणीचा कोर्स तिनं केला एवढं कळलं. मग संबंध तुटला, कुणी मुद्दाम न तोडता.

काही वर्षांपूर्वी अम्मीची शुगर फार वाढली आणि पायाची जखम भरेना, म्हणून तिला घेऊन मी नांदेडला गेले. आता नांदेडही लातूर झालं होतं. चौकाचौकांत पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, क्लासच्या गणवेशातल्या मुलामुलींचे लोंढे. कुणीतरी सुचवलेल्या दवाखान्यात गेलो. चार मजली, काचेचा. डॉक्टरांचं नाव वाचून मी थबकले. तो आशिषच होता. आणि अम्मीचं रक्त घ्यायला ट्रे घेऊन जी बाई आली ती सुवार्ता होती. केस पांढरे, चष्मा, तीच पुढं वाकलेली चाल.

तिनं मला लगेच ओळखलं. पण आधी अम्मीचं रक्त घेतलं. अम्मीला तिचा हात आवडला. म्हणाली, "तेरा हात लई नरम हाय बेटी. तू डाक्टर काहेकू नहीं बनी?"

सुवार्ता कापूस दाबून धरत म्हणाली, "राहिलं अम्मी. माझ्याच हातानं राहिलं."

नंतर आम्ही मागच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. लग्न केलं नव्हतं. मास्तर शेवटपर्यंत तिच्याचजवळ होते. ते गेल्यावर गावी पुरायच्या जागेवरून वाद झाला. हिंदूंनी स्मशानात जागा दिली नाही, आणि शहरातल्या चर्चच्या मंडळीनं तुम्ही आमचे सभासद नाही म्हणून दिली नाही. शेवटी नाल्याकाठी माती दिली. हे सगळं ती हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगत होती.

"चर्चला जातेस?" मी विचारलं.

"रविवारी ड्युटी असती."

"रविवारी?"

"मागून घेतली मी. इथं रक्त द्यायला आलेलं कुणी पुढं-मागं बसत न्हाई." मग म्हणाली, "देवाशी बोलणं हाय माझं. माणसांशी कमी झालं."

विचारू की नको असं झालं होतं, तरी विचारलं. "पस्तावा होतो का गं?"

मला वाटलं, नाही म्हणेल. पुस्तकांत अशी माणसं नाहीच म्हणतात. पण सुवार्ताला खोटं कुठं येत होतं. "हो," ती म्हणाली. "रोज होतो. बाबा आठवले की जास्त होतो. चुकलं असं वाटत न्हाई, अन् पस्तावा बी जात न्हाई. दोन्ही संगंच ऱ्हातात."

आम्ही फाटकाशी आलो तेव्हा आशिषची गाडी आत आली. वॉचमन बाजूला झाला, आम्हीही झालो. आशिष उतरला, मला बघून आपण कुठं भेटलोय का म्हणाला. मी लातूर, देशमानेसर असं सांगितल्यावर खूश झाला. "मग आमच्या सुवार्ताताई तुमच्या मैत्रीण? या आमच्या हॉस्पिटलचा आशीर्वाद आहेत, बरं का." मग तिच्याकडं वळून म्हणाला, "ताई, नव्या मजल्याच्या समर्पणाची प्रार्थना आहे. पप्पा येताहेत. पहिलं गीत तुम्हीच म्हणायचं."

"म्हणते सर," सुवार्ता म्हणाली.

तो आत गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "तू म्हणणार? त्या पाळकासमोर?"

"गाणं काय त्याच्या बापाचं न्हाई," ती म्हणाली.

अम्मीला रिक्षात बसवलं. सुवार्तानं तिचा दुखरा पाय आत नीट ठेवला, माझा हात दाबला. रिक्षा वळताना मी मागं बघितलं. लोह्याकडची एक जीप फाटकात येऊन थांबली होती आणि चार माणसं एका बाईला चादरीत धरून उतरवत होती. कुठं न्यायचं ते त्यांना कळत नव्हतं. सुवार्तानं आधी हातानं दाखवलं. मग पुढं झाली आणि चादरीचं एक टोक तिनं धरलं. काचेचं दार जड होतं. ते तिनं खांद्यानं ढकलून धरलं, सगळ्यांना आत घेतलं आणि दार तिच्यामागं मिटलं.